सशाखालचं ताट

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. चौथीत शाळा सुटली तेव्हाही बाई म्हणायच्या, ही पोरगी लिहिते की कोंबडी उकरते. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हा जमलं नाही आणि नंतर किराणाची यादी आणि पैशांचा हिशेब यापलीकडे काही लिहायची वेळ आली नाही. ही वही लेकीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात आणि वही तांदळाच्या डब्यामागे होती तिथेच परत ठेवावी.

मला धुरपता याडीबद्दल लिहायचं आहे. ती चांगली धडधाकट आहे, सेनगाव तालुक्यात पुसेगावच्या बाजूला लेकीच्या गावी राहते. पण रोज सकाळी आमच्या अंगणात येणारा तिच्या बांगड्यांचा आवाज आता येत नाही. सकाळी झाडून होईपर्यंत मी अजून त्याची वाट बघते.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून बसने अर्ध्या तासावर. गाव आणि तांडा यांच्या मध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात तो पायाखालून जातो आणि भादव्यात गुडघ्यापर्यंत येतो. धुरपता तांड्यातली. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. गावातल्या बायकांनीही तिला याडीच म्हणायला सुरुवात केली, कारण ती आल्याआल्या सासू रागावणार नाही इतकी रागवायची आणि आईने द्यावं तसं काहीतरी हातावर ठेवून जायची. कधी बोरं, कधी हरभऱ्याचे घाटे, कधी नुसती तंबाखूची चिमूट. मी तंबाखू खात नाही हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

बुटकी, कमरेत जराशी पुढे वाकलेली. वीस-बावीस वर्षं ऊसतोडीला गेल्याने ती कमर तशी झाली होती. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर कोयत्याने नेलेलं. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मला ती 'मुकी' म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हापासून चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. बाकीच्यांनी ते तसंच सोडून दिलं होतं. याडीने त्याचं नाव ठेवलं.

"ए मुके, ताट ओढ."

तिचा राम राम म्हणजे हा.

आता ताट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या बचत गटातल्या पाच जणींनी ससे घेतले होते. मी, कांताबाई, याडी आणि आणखी दोघी. प्रत्येकीकडे सहा पिंजरे, तीन वर आणि तीन खाली. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असतो, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडतं आणि सशाचे पाय कोरडे राहतात. जाळीखाली पत्र्याचा ट्रे सरकवलेला असतो. तो एका बाजूला जरा उतरता ठेवायचा. मूत उताराने नळीतून डब्यात जातं आणि लेंड्या वर राहतात. लेंड्या खताला, मूत पाण्यात मिसळून पिकावर फवारायला. वरच्या पिंजऱ्याचा ट्रे चांगला नसला तर सगळं खालच्या सशाच्या डोक्यावर येतं. म्हणून ट्रे म्हणजे खालच्या सशाचं छप्परही असतं. सशाची पिल्लं न्यायला महिन्यातून एकदा नांदेडचा व्यापारी यायचा. तोही आधी ट्रे बघायचा आणि मग पिल्लं.

शिकवायला आलेल्या साहेबांनी त्याला ट्रे म्हटलं, आम्हीही ट्रे म्हटलं. याडी एकटी ताट म्हणायची.

कांताबाई आमच्या गटाची अध्यक्ष. तिला हे सहन व्हायचं नाही. ती म्हणाली, "याडी, ताटात जेवत्यात. त्यात मुतत न्हाईत."

"आपण ताटातलं घेतो, ससा ताटात देतो," याडी म्हणाली. "घेणाऱ्याचं ताट आसतंय तर देणाऱ्याचं काहून नसावं?"

तिला ससा बघायची घाई कधीच नसायची. आधी ताट ओढायची, वाकून वास घ्यायची, दोन लेंड्या बोटात धरून दाबायची. गोल, कोरडी, दाबल्यावर भुगा होणारी लेंडी असली की ससा न बघताच म्हणायची, "हा मजेत हाय." माळेसारख्या जोडलेल्या निघाल्या तर, "पाणी कमी पितंय, केस गिळून राहिलंय." ओल्या आणि चिकट असल्या तर तिचा चेहरा पडायचा. मग ती ताटाच्या पाठीवर बोटाच्या पेराने वाजवायची. बाजारात माठ घेताना बायका वाजवतात तसं, कान खाली नेऊन. ठण्ण वाजलं की पुढच्या ताटाकडे.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मोजता मात्र सगळं यायचं. आणि ती चुकत नाही असं आम्हाला वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं, आणि घोटाळा तिथेच झाला.

पहिल्या आषाढात ताटांना वास येऊ लागला. बाहेर पाऊस, वाळवायला ऊन नाही. माझ्या घरातले म्हणू लागले, ससे काढून टाक, जेवण जात नाही. बैठकीत याडी म्हणाली, "आपण जमीन सारवतो, चूल सारवतो, कणगी सारवतो. मग ताटच कोरडं काहून ठेवायचं? शेण-मातीचा हात द्या. मूत पिऊन घील, वास मारील."

आम्हा सगळ्यांना ते इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. दर गुरुवारी पाची घरी ताटं सारवली जाऊ लागली. कांताबाईने तर सारवताना बोटांच्या कमानी उठवल्या, अंगणात उठवतात तशा. पंधरा दिवसांत वास खरंच कमी झाला. घरातले गप्प झाले. याडी ओढा ओलांडून यायची, ताट बघायची, आणि त्या दिवसांत वाजवायची मात्र नाही. सारवलेलं ताट वाजत नाही. त्याचा नुसता ठप असा आवाज येतो. तिने ते सोडून दिलं.

श्रावणात मी एकदा वरचं ताट उचललं आणि खालून आधार द्यायला पंजा लावला. पंजा लाल झाला. बारीक लाल भुगा, कुंकवासारखा. मी हात भिंतीला पुसला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तसंच झालं. बैठकीत सांगावं असं मनात आलं होतं. चौघी बोलत होत्या, मी मधे शब्द कुठे घालायचा ते शोधत बसले, आणि बैठक संपली. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सगळ्या बायका स्वैपाकात. कांताबाईकडे सोळा भाज्या, पुरण, वीस माणसं. सकाळची ताटं तशीच राहिली. संध्याकाळी ती पाला टाकायला गेली तर वरच्या ताटाचा तळ मधोमध फाटून लोंबत होता आणि दिवसभराचं सगळं खालच्या पिंजऱ्यात पडलं होतं. खाली सहा दिवसांची सात पिल्लं होती. अंगावर केस नीट न आलेली. ओली होऊन गारठून सगळी गेली.

दुसऱ्या दिवशी पाची जणींनी आपापल्या ताटांवरचं सारवण खरवडलं. पत्रा पापडासारखा हातात तुटत होता. सारवणाने मूत प्यालं होतं हे खरं, पण ते धरूनही ठेवलं होतं. पत्रा दोन महिने त्या ओलीखाली गुदमरून राहिला होता.

शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. कांताबाई उभी राहूनच बोलली. "हिच्या अकलेनं झालं हे. हिनं सांगितलं आन् आपण नंदीबैलावानी माना हालवल्या. माझी सात लेकरं गेली. आता ताटं कोण देणार? व्यापाऱ्याला काय दाखवू, माझं कपाळ?"

दुसरी म्हणाली, "आमचे मालक तर पिंजरे भंगारात घाला म्हणून राहिले."

याडी खाली बघत होती. मला वाटलं ती भांडेल. पावसाला दोष देता आला असता, पत्रा हलका दिला म्हणता आलं असतं. ती उठली, डोक्यावरच्या ओढणीचं टोक पुढे घेतलं आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्याला एका खाली एक अशा चार गाठी मारल्या.

"शेण म्या सांगितलं," ती म्हणाली. "चौघींच्या ताटांचा पैसा माझ्यावर. ससे थांबत न्हाईत म्हणून आत्ता तुमी घाला, म्या फेडते. ही कांताची गाठ, ही हिची, ही तिची, आन् ही खालची मुकीची. फिटल तशी सोडीन."

"कुठून फेडशील?" कांताबाई म्हणाली. "पुन्हा ऊस तोडायला जाशील?"

"न्हाई. ताटानं खाल्लं, ताटच दील."

कुणी हसलं नाही, पण विश्वासही कुणी ठेवला नाही. त्यानंतर बरेच दिवस याडी बोलली की बायका एकमेकींकडे बघायच्या. मला ते बघवत नव्हतं.

बाळापूरला पत्र्याच्या कोठ्या आणि पन्हाळी करणारे रशीदभाई आहेत. ताटं दाखवायला याडी त्यांच्याकडे निघाली तेव्हा बरोबर कुणी गेलं नाही. मी गेले. फाटक्या ताटांची चळत फडक्यात बांधून ती डोक्यावर घेऊन बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय त्यात? वास काय येऊन राहिला!"

"सशाचं ताट हाय."

"जेवणाचं?"

"जेवणानंतरचं."

सगळी बस हसली. याडीही हसली. महालक्ष्म्यांनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. कंडक्टरने आम्हाला मागच्या सीटवर, खिडकीशी बसवलं.

रशीदभाईंनी ताट उजेडात धरलं. भोकांतून त्यांच्या तोंडावर उन्हाचे ठिपके पडले. "याडी, इसको रजई किसने ओढाई?"

"म्या."

"पत्र्यावर ही जी पांढरी चमक असती न, ती त्याची कातडी हाय. ओल त्याच्यावर बसून राहिली की कातडी जाती, मग आतलं लोखंड सडतं. शेण लावा, राख लावा, चुना लावा, सगळं एकच. धुवा, सुकवा, मोकळं ठेवा. त्याला हवा पायजे, बस."

याडी दुकानाच्या पायरीवर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या आज्याचा बाप बैलावर मीठ वाहायचा, मुके. मिठाच्या गोणीला कधी लोखंडाची कडी लावत नव्हते, मीठ लोखंड खातं म्हणून. लहानपणी शंभरदा ऐकलं. मूत म्हणजे बी खारटच की. ऐकलेलं ईसरले आन् सारवायला शिकवत बसले."

रशीदभाईंनी ताटांच्या कडा चांगल्या होत्या त्या ठेवल्या आणि नवे तळ रिबिट मारून बसवून दिले. सगळं नवं घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडलं. तरी पैसा तो पैसाच. मी माझ्या ताटांचा दिला, बाकीच्या तिघींनी त्यांचा दिला.

तिथून याडीने जे सुरू केलं ते तिच्याशिवाय कुणाला जमलं नसतं. सारवण बंद. ताट रोज सकाळी रिकामं. खरवडायला लोखंड नाही, बांबूची चिपाटी. एकदा कांताबाई खुरप्याने खरवडत होती तर याडीने खुरपं हातातून काढून घेतलं. "तुझ्या गालावर फिरवू का हे?" कांताबाई तिच्याशी बोलत नव्हती, तरी चिपाटी घेऊन पुन्हा खरवडू लागली.

मुताचा पांढरा थर ताटावर धरतो, तो पाण्याने निघत नाही. याडीने चिंचेचं पाणी करून बघितलं, आपण तांब्या-पितळेला लावतो तसं, पण या वेळी आधी आपल्याच एका ताटावर आणि महिनाभर. ताट बिघडलं नाही तेव्हाच आम्हाला सांगितलं. तेही असं, "लावा म्हणत न्हाई. माझं ताट येऊन बघा, मग ठरवा." चिंचेचं पाणी थोडा वेळच ठेवायचं, लगेच स्वच्छ धुवायचं, भिंतीला पालथं टेकवून कडकडीत वाळवायचं. मग खताच्या पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी असते ती फाडून, धुऊन ताटावर अंथरायची, आणि तिच्यावर हळदीचा वाळका पाला. हळद काढल्यावर हा पाला बांधावर ढिगाने पडलेला असतो, कुणी विचारत नाही. ओल पाला घेतो, पत्र्याला प्लास्टिक राखतं, आणि पाला दोन दिवसांनी लेंड्यांसकट खतात जातो.

तिने प्रत्येकीला एक ताट जादा करायला लावलं. कांताबाईने माझ्यामार्फत विचारलं, "जादा कशाला म्हणावं?" याडी तिला ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणाली, "आपल्याला दोन लुगडी लागत्यात न? एक अंगावर, एक दांडीवर. ताटाला काय लाज न्हाई व्हय?"

भिंतीशी वाळत टाकलेली ताटं लांबून चमकायची. ओढ्यापलीकडून याडीची आणि अलीकडून आमची.

खत विकणं तिने स्वतःकडे घेतलं. वाळवून, चाळून, पोती शिवून. पोतं शिवायला तिच्यासारखी कुणी नाही. गोणी वाहणाऱ्यांचं रक्त, ती म्हणायची, एक टाका सैल सोडत नाही. वसमतकडचा एक हळदवाला शेतकरी टेम्पो घेऊन यायचा. एकदा आदल्या रात्री पाऊस झाला आणि पोती दमट झाली. टेम्पो दारात, काटा लावलेला. तो म्हणाला, "टाका लवकर, मला पुढं जायचंय."

"आज न्हाई. ओलं हाय."

"मला चालतंय म्हणतो न! तुमचंच वजन वाढून राहिलंय."

"पाणीच ईकायचं आसतं तर हापशावर दुकान मांडलं आसतं," याडी म्हणाली. "आठ दिसांनी या."

टेम्पो रिकामा गेला. तिच्या सुनेने कपाळावर हात मारला. त्या आठवड्यात कुणाचीच गाठ हलली नाही. आठ दिवसांनी तो आला तेव्हा बरोबर शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन आला. त्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून बाहेर काढली, आणि भाव न करता सगळं उचललं. त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांचं खत याडीच्या नावाने विकलं जाऊ लागलं.

तरी पैसा जमत होता तो मुंगीच्या पावलाने. दसऱ्याच्या आधी मुकादम मोटारसायकलवर तांड्यात येतो, ऊसतोडीची उचल वाटायला. उचल म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि मग सहा महिने कोयता चालवून ते अंगातून काढायचे. पिल्लं गेली त्याच्या पुढच्या वर्षी तो आला तेव्हा मी चाळण मागायला गेले होते. याडीचा मुलगा वसंता तिच्यासमोर बसला होता.

"याडी, एक हंगाम चल. उचल घे, चौघींचे पैसे एका दिवसात त्यांच्या तोंडावर मार. हे लेंड्या चाळत बसायची तकलीफ तरी मिटल."

मुकादम नोटा मोजत होता. याडीने त्यांच्याकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून जरा सरळ झाली. तिला पूर्ण सरळ होता येत नाही.

"उचल घेऊन फेडलं तर फिटत न्हाई, लेकरा. देणं नुसतं ह्या घरातून त्या घरात जातं. आन् माघारी येईस्तोवर माझी ताटं कोण वाळवील?"

"ताटं, ताटं!" वसंता चिडला. "ताटापायी येडी झाली तू."

"व्हय, झाले," ती म्हणाली आणि मला चाळण आणून दिली. मुकादम गेला. वसंता त्या वर्षी गेला, ती गेली नाही. त्याला वाटेला लावताना तिने भाकरी बांधून दिल्या आणि गाडी वळेपर्यंत ओढ्याच्या काठावर उभी राहिली. मग आली ती सरळ माझ्याकडे. "ए मुके, ताट ओढ."

पहिली गाठ कांताबाईची सुटली, पुढच्या उन्हाळ्यात. याडीने सगळ्यांसमोर पैसे दिले. कांताबाईने ते दोनदा मोजले.

"तिसऱ्यांदा मोज," याडी म्हणाली, "वाढत्याल."

कांताबाईला हसू आवरलं नाही. ती घरात गेली आणि एक ताट घेऊन आली. याडीच्या पुढे धरून म्हणाली, "वाजवून दाव बरं. मला कळंना कसं वाजवतीस ते." याडीने वाजवलं. ठण्ण. "आता तू वाजव." दोघी तिथे ओट्यावर बसून पंधरा मिनिटं ताट वाजवत होत्या, शाळेतली पोरं खिडकीतून बघत होती. पुढच्या बैठकीत कांताबाईनेच ठराव मांडला की गटात नवीन ससे घेणाऱ्या बाईने आधी महिनाभर याडीच्या ताटांवर काम करायचं.

दुसरी गाठ सुटली, तिसरी सुटली. माझी राहिली. मी मागत नव्हते. एकदा तीच म्हणाली, "जी मागत न्हाई तिचं मागं राहतं, मुके. राहतं, पण बुडत न्हाई." दर सोमवारी बाजार करून येताना ती माझ्या हातावर काही ना काही ठेवायची. कधी पन्नास, कधी वीस. मी किती झाले ते लिहून ठेवायचे आणि तिला विचारलं की न बघता सांगायची, आणि तेच असायचं.

तिसरा उन्हाळा लागला तेव्हा तिच्या लेकीचा फोन येऊ लागला. लेकीने तिकडे सशांचे पिंजरे मांडले होते, तिच्याबरोबर तांड्यातल्या आणखी बायका होत्या, आणि त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. जावयाने पत्र्याची ताटं आणली होती आणि लेकीने फोनवर सांगितलं होतं की वास येतो म्हणून शेणाने सारवायचा विचार आहे. याडी फोनवर इतकी ओरडली की ओढ्याच्या अलीकडे ऐकू आलं.

"कधी जाणार?" कांताबाईने विचारलं.

"गाठ घेऊन न्हाई जायची."

वैशाखातल्या एका दुपारी ती आली. दुपारी ती कधी येत नसे. दारात बसली, पाणी प्यायली, आणि चोळीतून नोटांची घडी काढली. "हे घे. शेवटचं."

मी हात मागे घेतला. इतकी वर्षं जे तोंडातून बाहेर आलं नव्हतं ते त्या दुपारी आलं, कसं ते मला माहीत नाही. मी म्हणाले, "याडी, नको मला. मला श्रावणातच दिसलं होतं. हाताला लाल भुगा लागला होता. दोनदा लागला. मी बोलले असते तर कांताबाईची पिल्लं वाचली असती. निम्मी चूक माझी आहे. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

एवढं सलग मी तिच्यापुढे कधी बोलले नव्हते.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"तुझ्या भिंतीवर लाल पंजा हाय की. पिंजऱ्याच्या मागं. पिल्लं गेली त्याच्या दुसऱ्या दिशीच बघितला म्या."

मी मागे वळून बघितलं. पुसट होता, पण होता. पाची बोटं. तीन वर्षं मी तिथे रोज पाला टाकत होते.

"मग काहून बोलली न्हाईस?" मी म्हणाले. तिच्याच बोलीत म्हणाले ते मला नंतर कळलं.

"म्या बोलून काय? तू बोलायला पायजे होतंस, त्याची वाट बघत होते." तिने नोटा माझ्या मांडीवर ठेवल्या. "माझं माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. ताट सारवा म्या म्हणले, त्याचे हे पैसे. तुझं बोलायचं राहिलं होतं, ते तू आज दिलंस. आता मोज."

मी मोजले. हिशेबाच्या वहीत जमा केलं. पाच रुपये कमी भरत होते. मी म्हणाले, राहू दे, पाच रुपयांनी काय होतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. "बसला दिले," ती म्हणाली. "परवा तिकीट वाढलं ते ध्यानातून गेलं." ओढणीच्या टोकाची गाठ तिने चिमटीत धरली होती, सोडायला. ती तशीच ठेवून उठली आणि निघून गेली.

मला वाटलं, संध्याकाळी येईल. ऊन इतकं होतं की ओढ्यातल्या दगडांवर पाय ठरत नव्हता. मी धुतलेलं ताट भिंतीला पालथं लावत होते तेवढ्यात बांगड्या वाजल्या. ती ओढा ओलांडून परत येत होती. उन्हासाठी डोक्यावर तिच्याच घरचं एक ताट पालथं धरलं होतं आणि त्याच्यावर ऊन असं पडलं होतं की डोळ्यांवर हात घ्यावा लागला.

अंगणात येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. धापा टाकत होती. मला वाटलं, नाणं हातावर देईल. तिने ते हातावर दिलं नाही. माझ्या हातातल्या ताटावर वरून टाकलं.

ठण्ण.

नाणं उतारावरून गोल फिरत नळीच्या तोंडाशी जाऊन थांबलं.

"वाजलं न?" ती म्हणाली.

"वाजलं," मी म्हणाले.

मग तिने गाठ सोडायला घेतली. तीन वर्षं धुऊन धुऊन ती दगडासारखी झाली होती, नखाने सुटेना. तिने ओढणीचं टोक माझ्या तोंडाशी धरलं. मी दातांनी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती पुसेगावला गेली. जाताना खिडकीतून तिची ओढणी बाहेर उडत होती. टोकाशी चार चुण्या होत्या, पण गाठ एकही नव्हती. मी घरी आले, हिशेबाची वही काढली, तिच्या नावापुढे पाच रुपये मांडले आणि खाली रेघ ओढली. पैसे पूर्ण फिटले.